पिवळा दिवा लागल्यावर गाडी पुढे काढली, तर सिग्नल तोडला असे होते का? आणि पायी चालणाऱ्यांनाही सिग्नल पाळावाच लागतो का?

पिवळ्या दिव्यावर चौक ओलांडला म्हणजे प्रत्येक वेळी सिग्नल तोडला असे होत नाही. मात्र ‘पिवळा लागला, आता लवकर काढा’ असा जो अर्थ आपल्याकडे रूढ झाला आहे, तो नियमाच्या नेमका उलटा आहे. पिवळा दिवा थांबायलाच सांगतो. अपवाद फक्त त्या चालकाचा, जो दिवा बदलताना थांबरेषेच्या इतका जवळ आलेला असतो की, करकचून ब्रेक दाबल्याशिवाय त्याला थांबता येणार नाही, किंवा जो रेषा ओलांडून चौकात शिरलेलाच असतो.

‘इतका जवळ’ म्हणजे किती, हे साध्या हिशेबाने कळते. ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे 11 मीटर जाते. दिवा बदललेला पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर तेवढ्यात 11 मीटर सरले, आणि कोरड्या रस्त्यावर नीट ब्रेक लावून थांबायला आणखी बारा-तेरा मीटर हवेत. म्हणजे रेषा पंचवीस मीटरच्या आत असेल, तर थांबण्याचा हट्ट मागच्याला अंगावर घेणारा ठरू शकतो; ती चाळीस मीटरवर असेल, तर थांबायला भरपूर जागा असते. पिवळा दिवा जेमतेम तीन सेकंद टिकला, तर या वेगाने तेहतीस मीटर जाता येते, त्यामुळे चाळीस मीटरवरून निघालेला चालक वेग वाढवल्याशिवाय वेळेत रेषा गाठूच शकत नाही. गोंधळ होतो तो नेमका या वेग वाढवणाऱ्याचा. पावसाळ्यात, विशेषतः पहिल्या सरीने रस्ता निसरडा झालेला असताना, थांबायला लागणारे अंतर बरेच वाढते, हेही लक्षात घ्यावे.

कायद्याचे म्हणाल, तर मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 119 ने मोटार वाहनाच्या प्रत्येक चालकावर दोन गोष्टी पाळण्याचे बंधन घातले आहे: विद्युत सिग्नलने दिलेले निर्देश आणि वाहतुकीचे नियमन करणाऱ्या पोलिसाने दिलेले निर्देश. दोन्हींत विरोध आला, तर पोलिसाचा हात मानायचा. हिरवा असूनही त्याने थांबवले तर थांबायचे आणि लाल असूनही त्याने बोलावले तर निघायचे. 2019 च्या दुरुस्तीनंतर लाल दिवा ओलांडणे हे कलम 184 खालील धोकादायक वाहनचालनात स्पष्टपणे गणले जाते. पहिल्या गुन्ह्यासाठी त्यात सहा महिने ते एक वर्ष कारावास किंवा 1,000 ते 5,000 रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात चौकात बहुतेकांचे पावतीवर भागते, म्हणून हे कलम किती कडक आहे याची फारशी कुणाला कल्पना नसते.

लाल दिव्यावर थांबायचे म्हणजे कुठे, हा भाग मी स्वतः उशिरा शिकलो. मला आलेल्या एका ई-चलानच्या छायाचित्रात माझी स्कूटर पूर्ण थांबलेली होती आणि दोन्ही पाय जमिनीवर होते. फक्त पुढचे चाक झेब्रा क्रॉसिंगच्या दुसऱ्या पट्ट्यावर होते. आधी राग आला. मग त्याच छायाचित्राच्या कडेला, माझ्या चाकाला वळसा घालून वाहनांच्या बाजूने जाणारी, हातात भाजीची पिशवी घेतलेली एक बाई दिसली, आणि तक्रार करण्याचा विचार मी सोडून दिला. थांबायचे ते थांबरेषेच्या अलीकडे, आणि रेषा पुसली गेली असेल तर झेब्र्याच्या अलीकडे. डावीकडे वळणाऱ्यालाही लाल दिवा लागू असतो असेच धरून चालावे. ‘डावे वळण मोकळे’ असा फलक, हिरवा बाण किंवा वेगळी मार्गिका असेल तिथली गोष्ट निराळी, पण तिथेही रस्ता ओलांडणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते.

हिरवा दिवा ही परवानगी आहे, आज्ञा नव्हे. पुढे चौक तुंबलेला असेल, तर हिरव्यावरही रेषेमागेच थांबावे, नाहीतर आपण मधोमध अडकून आडव्या वाहतुकीची वाट अडवतो. उलट्या आकड्यांच्या सिग्नलवर तीन उरले की रेसचा आवाज सुरू होतो आणि दोनला पहिली दुचाकी निघते. त्याच क्षणी समोरून कुणीतरी पिवळ्याचा शेवट गाठत असतो. हॉर्नबद्दल तर काय बोलावे! मुंबई पोलिसांनी 2020 मध्ये काही चौकांत 85 डेसिबलच्या वर हॉर्न गेला की लाल दिव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल असा प्रयोग केला होता, तो मला अजूनही आवडतो.

आता पायी चालणाऱ्यांकडे वळतो. कलम 119 चालकापुरते आहे. पादचाऱ्यांच्या वावराविषयी नियम करण्याचा अधिकार 2019 च्या दुरुस्तीने कलम 138 मध्ये राज्य सरकारांना दिला. तथापि, पादचारी सिग्नलचा अर्थ सर्वत्र एकच आहे: लाल माणूस म्हणजे पदपथावर थांबा, हिरवा म्हणजे निघा, आणि लुकलुकणारा हिरवा म्हणजे नव्याने उतरू नका, जे रस्त्यात आहेत त्यांनी पार व्हावे. (2020 पासून मुंबईत दादर परिसरातील काही सिग्नलांवर माणसाच्या जागी फ्रॉकमधली स्त्री दिसते, अर्थ तोच.) लुकलुकताना अनेक जण धावत सुटतात, आणि अपघाताची शक्यता तिथेच जास्त असते. चालण्याचा वेग सामान्यतः सेकंदाला 1.2 मीटर धरला जातो. चार मार्गिकांचा चौदा मीटरचा रस्ता त्या वेगाने बारा सेकंदांत पार होतो, परंतु काठी टेकत चालणाऱ्या आजींना सतरा-अठरा सेकंद सहज लागतात. म्हणून आपला दिवा हिरवा झाला तरी झेब्र्यावर कुणी उरले असेल, तर चालकाने ते पार होईपर्यंत थांबलेच पाहिजे.

रात्री उशिरा बऱ्याच चौकांत नुसता पिवळा लुकलुकत असतो. त्याचा अर्थ वेग कमी करून, दोन्ही बाजू पाहून पुढे जा एवढाच आहे. पादचाऱ्याचा दिवा तेव्हा बहुधा बंद असतो, त्यामुळे हिरव्या माणसाची वाट पाहत उभे राहण्यापेक्षा येणाऱ्या गाडीचा वेग खरोखर कमी झाला आहे ना, हे पाहून मगच पाऊल टाकावे.