टॉवेलची सँपलं घेऊन फ्रँकफुर्टला निघालायस, फोनचं काय?

पहिल्यांदाच हाइमटेक्स्टिलला, म्हणजे घरगुती कापडाच्या व्यापारी प्रदर्शनाला चाललायस, तर नवी पेठेत कुणी गळ्यात मारलेला महागडा रोमिंग पॅक आधी बाजूला ठेव. फोनवर *#०६# दाब. आयएमईआय, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकासोबत ईआयडी असा आणखी एक क्रमांक दिसला तर ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच चालणारं सिम, चालतं. मग युरोपचा डेटा प्लॅन घरच्या वायफायवरच टाकून घे आणि उतरल्यावर चालू कर. एकाच देशाऐवजी युरोपचा प्लॅन घेतलास की पुढे पॅरिसला गेलास तरी नवं सिम नको. स्वित्झर्लंड मात्र युरोपीय संघात नाही, तेव्हा प्लॅनच्या यादीत त्याचं नाव आहे का ते वाचूनच पैसे भर.

आपलं इथलं सिम काढून पाकिटात टाकू नकोस बाबा, बँकेचा ओटीपी त्यावरच येणार! निघण्याआधी त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घे, नाहीतर एसएमएसही येत नाही. डेटा रोमिंग मात्र बंदच ठेव. त्या नंबरवर आलेला फोन उचलायचा नाही, येणाऱ्या कॉललाही पैसे पडतात. कारखान्यातून दिवसाला दहा फोन येतात तुला, म्हणून अण्णांना आणि मास्तरला आत्ताच सांग: व्हॉट्सॲपवरच बोला. विमान दुबईमार्गे असेल तर तिथे व्हॉट्सॲप कॉल सहसा लागत नाही, मेसेज जातात.

विमानात एअरप्लेन मोड विसरू नकोस. तिथलं नेटवर्क चुकून जोडलं गेलं की बिल बघवत नाही. आणि हो, फ्रँकफुर्टचा नकाशा इथूनच ऑफलाइन उतरवून घे.