वाचकांचे प्रश्न : कांदा शेणखतावर की युरियावर?

प्रश्न : इंदूरजवळ सांवेरच्या बाजूला आमची वडिलोपार्जित काळी जमीन आहे. सोयाबीन निघाल्यावर आम्ही उन्हाळ कांदा लावतो. यंदा एका वाफ्याला नुसते शेणखत आणि शेजारच्याला युरिया व डीएपी (नत्र आणि स्फुरद देणारे रासायनिक खत) दिले. शेणखताचा कांदा बहुतेक गोलटीच, म्हणजे बारीक, राहिला. युरियाचा चांगला पोसला, पण आषाढापर्यंत कांदा साठवायच्या चाळीत सडू लागला. वडील पूर्ण जैविक करण्याच्या मताचे आहेत, तर धाकट्या भावाला उत्पन्न सोडायचे नाही. आम्ही काय करावे?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : आपल्या दोन्ही वाफ्यांचे दुखणे माझ्या मते एकच आहे, ते म्हणजे नत्र (नायट्रोजन) पिकाला अवेळी मिळाले. कांद्याच्या मुळ्या उथळ असतात आणि पात वाढण्याच्या काळात, म्हणजे पुनर्लागवडीनंतरच्या पहिल्या 45 ते 60 दिवसांत, त्याला नत्राची खरी गरज असते. त्यानंतर त्याने गड्डा भरायचा असतो.

शेणखताचा हिशेब मांडून पाहा. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का असते, म्हणजे एकरी 8 टन खतातून सुमारे 40 किलो. कांद्याची शिफारसही एकरी जवळपास तेवढीच आहे, त्यामुळे कागदावर हिशेब जुळतो. मात्र त्यातले पहिल्या हंगामात पिकाच्या हाती लागते ते जेमतेम एक तृतीयांश. त्यातच माळव्यातल्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत जमिनीतील जिवाणूंचे काम मंदावते आणि नेमक्या त्याच वेळी रोपे उपाशी राहतात. म्हणून पूर्ण जैविक करायचे असेल तर खत लागवडीच्या तोंडावर न टाकता सोयाबीन निघताच, ऑक्टोबरमध्ये, मातीत मिसळावे आणि लागवडीच्या वेळी गांडूळखत व निंबोळी पेंड यांची जोड द्यावी. कच्चे शेण मात्र मुळीच टाकू नये. त्याने तण आणि वाळवी दोन्ही वाढतात. उत्तम कंपोस्ट घरीच करता येते, आणि त्याची सुप्रसिद्ध ‘इंदूर पद्धत’ तर ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात आपल्याच शहरात विकसित केली. काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ओलावा राखत, वेळोवेळी ढीग वरखाली केला की सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. वडिलांना हे अवश्य सांगावे.

आता युरियाचा वाफा. शिफारशीतले अर्धे नत्र लागवडीच्या वेळी आणि उरलेले 30 व 45 दिवसांनी, असे दोन हप्त्यांत द्यावे. पात पिवळी दिसली म्हणून त्यानंतर युरिया फेकण्याचा मोह आवरावा. उशिरा दिलेल्या नत्राने मान जाड राहते, जोड कांदे निघतात आणि वाळताना मान नीट मिटत नसल्यामुळे सड तिथूनच आत शिरते. वाळवलेल्या कांद्याची मान चिमटीत दाबून पाहावी. ती ओलसर आणि मऊ लागली तर तो कांदा चाळीत न ठेवता आधी विकावा. स्फुरदासाठी (फॉस्फरससाठी) डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट घेतल्यास गंधकही मिळते, आणि कांद्याचा तिखटपणा गंधकावर अवलंबून असतो. शेवटचे पाणी काढणीच्या 10 ते 15 दिवस आधी तोडावे. खत कोणतेही दिले असले तरी हा नियम मोडला की कांदा टिकत नाही.

माझा सल्ला असा की, बहुतांश क्षेत्रात ऑक्टोबरमध्ये पूर्ण शेणखत घालून रासायनिक नत्र शिफारशीपेक्षा थोडे कमी आणि वेळेवर द्यावे. एक तुकडा मात्र वडिलांच्या इच्छेप्रमाणे पूर्ण जैविक ठेवावा, आणि त्याचा निकाल एकाच हंगामावरून ठरवू नये, कारण सेंद्रिय खताचा उरलेला भाग पुढच्या वर्षांत कामी येतो. त्या तुकड्यातला माल प्रमाणित जैविक म्हणून विकायचा असल्यास हंगामी पिकांसाठी साधारण दोन वर्षांचा रूपांतरण काळ पाळावा लागतो आणि त्या काळात तिथे युरियाचा कणही पडता कामा नये. त्यामुळे बांधाला लागून असलेला, शेजारच्या खतमिश्रित पाण्याचा उतार जिथे येत नाही असा तुकडा निवडावा.