करिष्मा, वर्चस्सु की छाप?

प्रश्न असा आलाय: बेळगावच्या शहापुरातला एक ग्रुप डन्जन्स अँड ड्रॅगन्स (टेबलाभोवती बसून, फासे टाकून, एकेक पात्र होऊन गोष्ट खेळायचा गेम) मराठीत खेळतोय, कॅरॅक्टर शीटवरच्या, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदावरच्या, सहा गुणांपैकी पाचांना शब्द मिळालेत (ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण), पण सहाव्या करिझ्मापाशी, म्हणजे दुसऱ्यावर प्रभाव पाडायच्या गुणापाशी, गाडी अडलीय. एकजण म्हणतोय 'रूप' लिहूया, दुसरा म्हणतोय पेपरात 'करिष्मा' छापतातच की, तेच घ्या, आणि तिसरा कन्नड शाळेत शिकलेला, त्याचं म्हणणं 'वर्चस्सु' सोडून दुसरा शब्दच नाही. कुठला बरोबर?

आधी 'रूप' बाजूला काढूया, कारण तो शब्द खेळच बिघडवतोय, आणि हे मी आमच्या टिळकवाडीतल्या टेबलावर डोळ्यांनी बघितलंय. आम्हीपण सुरुवातीला रूपच लिहिलेलं. एका मित्रानं पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, केला, अर्धा चेहरा भाजलेला, एक डोळा गेलेला, आणि त्या रकान्यात १६. लगेच बाजूचा म्हणाला, असल्या तोंडाला सोळा कुठनं आले? झालं, अर्धा तास त्यातच गेला, बाहेर पाऊस आणि आत ही वादावादी. शेवटी डीएमनं (डन्जन मास्टर, गोष्ट चालवणारा) सांगितलं की वेशीवर पहारेकरी अडवतोय, बोल काय बोलायचं ते. पॅलाडिनवाला पुढं झाला, एक डोळा पहारेकऱ्यावर रोखला, आवाज न चढवता म्हणाला, "आत माझी माणसं आहेत, दार उघड." वीस बाजूंच्या फाशावर ११ पडले, रकान्यात सोळा असल्याचे जादा ३, शिकलेल्या कौशल्याचे २, एकूण १६, लागत होते १५. दार उघडलं! त्यात रूपाचा काय संबंध होता? भाजलेलं तोंड होतं म्हणूनच तो पहारेकरी दचकला असेल.

हा घोळ मराठीतच झालाय असंही नाही. मूळ गेम १९७४ चा, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा, आणि तेव्हापासून लोक करिझ्मा म्हणजे देखणेपणा समजत आलेत. १९७८ च्या नियमपुस्तकात व्याख्येत देखणेपणा होता खरा, पण सोबत समजूत घालण्याची हातोटी आणि माणूस ओढून घेण्याची ताकद हे दोन्ही होतं, आणि रूप नसलं तरी या दोघांच्या जोरावर आकडा मोठा असू शकतो असं तिथंच सांगितलंय. तरी वाद मिटेनात, म्हणून १९८५ च्या एका जादा पुस्तकात देखणेपणासाठी 'कमलिनेस' नावाचा सातवा गुणच वेगळा काढला. म्हणजे गेम करणाऱ्यांनीच हे दोन वेगळे आहेत असं मानलं, मग आपण मराठीत आणताना परत एकत्र कशाला करायचं.

आता 'करिष्मा'. कानाला इतका जवळचा वाटतोय की तोच शब्द असणार असं वाटतं, पण हे दोन शब्द एका घरातले नाहीत. इंग्रजीतला करिझ्मा ग्रीक 'खारिस्मा'वरून, म्हणजे कृपेनं मिळालेली देणगी, बायबलच्या नव्या करारातल्या पौलाच्या पत्रांत तो याच अर्थानं येतो, आणि नेत्याच्या अंगच्या असामान्य ओढीला तो लावला माक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञानं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. आपला करिष्मा फारसीतनं आला, तिथं अर्थ डोळ्यांचा नखरा, कटाक्ष, आणि हिंदी-उर्दूत येईस्तोवर चमत्कार. आपल्याकडं कुणाला 'करिश्मा हो गया' म्हणताना ऐकलं तर त्याला चमत्कारच म्हणायचा असतो. पेपरवाल्यांनी नेत्यांसाठी वापरून वापरून मराठीत आता दोन्ही अर्थ चिकटलेत, त्यामुळं चूक म्हणता येणार नाही, पण खेळात मला तो नको वाटतो, कारण 'माझा करिष्मा ८ आहे' हे वाक्यच उभं राहत नाही. मराठीत करिष्मा असतो किंवा नसतो, थोडा नसतो. आणि या रकान्यात ३ पासून १८ पर्यंत काहीही येऊ शकतं, मूळ पद्धत तीन फासे टाकून बेरीज करायची.

'वर्चस्सु'वाल्या मित्राचं म्हणणं मात्र मनावर घ्या. बेळगावात राहून कन्नड पेपर चाळणाऱ्याला हा शब्द रोज दिसतो, 'वैयक्तिक वर्चस्सु', 'वर्चस्सिगे धक्के', म्हणजे माणसाची स्वतःची झळाळी, आणि त्या झळाळीला लागलेला धक्का. मूळ संस्कृत वर्चस्, अर्थ तेज. ब्रह्मवर्चस आपणही म्हणतो की. पण मराठीत त्याच वर्चसाचं 'वर्चस्व' झालं आणि तेज जाऊन तिथं सत्ता बसली, बँकेवर वर्चस्व, पालिकेवर वर्चस्व. कन्नडनं जुना अर्थ जपला आणि आपण तो हरवला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आमच्यातही एकदा वर्चस्सु लिहून बघितलं, तर मराठी पोरं प्रत्येक वेळी दमदाटीच करायला लागली, गोड बोलून काम काढणं कुणाला सुचेचना, आणि कन्नड मित्र शेजारी बसून सांगतोय की अरे तसं नव्हे, तसं नव्हे. शब्द कानावर पडला की हात कुठं जातो हे त्या दिवशी कळलं.

कुणी 'वजन' सुचवलं असतं तर मी थोडा थांबलो असतो, कारण शब्द अस्सल आहे. खानापूरकडं आमच्या एका नातेवाइकांच्या बांधाचं भांडण होतं, दोघं भाऊ इरेला पेटलेले, एकाची बायको मराठी बोलणारी आणि दुसऱ्याची कन्नड. तिथं गावातले एक म्हातारे आले, बुटके, घसा बसलेला, येऊन नुसते ओट्यावर टेकले आणि तंबाखू मळत राहिले. दोघांचे आवाज आपोआप खाली आले. मग एकीशी मराठीत बोलले, दुसरीशी कन्नडात, आणि चहा होईपर्यंत काठी कुठं रोवायची ते ठरलेलं. हे वजन. पण तेच म्हातारे हुबळीच्या स्टँडवर उतरले तर कंडक्टर त्यांना पुढं सरका म्हणणारच, कारण वजन, वट, पत हे सगळं गावात साठलेलं असतं, वर्षानुवर्षांच्या वागण्यातनं. खेळातला पहारेकरी तर तुम्हाला पहिल्यांदाच बघतोय. शिवाय पाठीवर किती सामान पेलतं त्याचाही हिशोब याच शीटवर असतो, 'वजन किती' विचारलं की कुठलं ते परत विचारावं लागेल.

म्हणून माझं मत 'छाप'. अनोळखी माणसावर पहिल्या भेटीत पडते ती छाप. ती रूपानं पडते, आवाजानं पडते, धाकानं पडते, गाण्यानंही पडते, आणि कमीजास्तही होते. 'माझी छाप १६', 'छाप ८, म्हणजे वजा एक', 'छाप कमी पडली', सगळी वाक्यं बोलायला सरळ. गेमच्या पाचव्या आवृत्तीत या गुणाखाली चार कौशल्यं येतात, ती मराठीत आपोआप बसतात: गळी उतरवणं, थाप मारणं, दम देणं, रंग भरणं. (काटकपणाला काहीजण 'दम' लिहितात, ते टाळा, इथं अडचण होते.) आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे 'कॅरॅक्टर' हा शब्दही ग्रीकच, त्याचा मूळ अर्थ कोरलेली खूण, ठसा. ज्या कागदाच्या माथ्यावर ठसा लिहिलंय त्याच्या एका रकान्यात छाप आली तर ती परकी वाटत नाही.

एक अडचण आहे ती सांगतो. या गेममधे सॉर्सररची, म्हणजे अंगातच जादू असलेल्या पात्राची, जादूही याच गुणावर चालते, आणि तो गुहेत एकटा असला तरी चालते. छाप पडायला समोर कोणीतरी लागतं ना. तिथं वर्चस्सुच जास्त बसतो, आतलं तेज, कुणी बघो न बघो. मी त्यावर बराच विचार केला, पण टेबलावर दहातले नऊ वेळा फासा माणसाशी बोलतानाच टाकला जातो, म्हणून छापेलाच मत देतो.

हां, तुम्ही जर १९७४ चे मूळ नियम घेऊन खेळत असाल तर वेगळं. तिथं हा आकडा मुख्यतः किती पगारी माणसं तुमच्याबरोबर राहतील आणि किती निष्ठेनं राहतील ते ठरवायला होता, ३ असेल तर एकच, १८ असेल तर बारा. त्याला आपल्याकडं 'माणसं राखणं' म्हणतात, आणि तिथं 'लोकसंग्रह' लिहिलं तरी मी हरकत घेणार नाही.

तुमच्या कन्नड मित्राला त्याच्या शीटवर वर्चस्सुच लिहू द्या, कन्नड लिपीत. आमच्याकडं तसंच आहे, डीएम "छाप टाका" म्हणाला की तो त्या रकान्यातला आकडा बघून फासा उचलतो, त्याला भाषांतर करून सांगावं लागत नाही.