टॅब की टीव्ही? आधी इन्व्हर्टर घ्या

मॅडम, तुमचा प्रश्न वाचला. गावचं मुंबई मंडळ गणपतीला शाळेला देणगी देतंय, त्यात टॅब घ्यायचे की एक मोठा स्मार्ट टीव्ही, आणि मुलं आता एआयलाच विचारतात तर आपण शिकवायचं काय. माझी सगळी नोकरी रत्नागिरी जिल्ह्यात झेडपीच्या शाळांवर गेली, आता रिटायर, वेळ भरपूर, तेव्हा जरा लांबण लागेल.

टीव्ही घ्या, एकच. उरलेल्या पैशाचा इन्व्हर्टर आणि बॅटरी. टॅब द्विशिक्षकी शाळेत कपाटात जातात, कारण चार्ज कोण करणार, फुटला तर भरून कोण देणार, अपडेट मागत बसला की रेंजसाठी वर सड्यावर, कातळाच्या माळावर, कोण जाणार. त्यात आपली खारी हवा. पावसाळ्यानंतर प्रोजेक्टरच्या लेन्सवर बुरशी आणि पिनांवर हिरवा गंज, हे मी एकापेक्षा जास्त शाळांत बघितलंय.

आणि ह्या खेपेला शाळा बदलणार असं दर वेळी ऐकलंय हो. रेडिओ होता, मग टीव्ही, 2004 साली शिक्षणासाठीचा एज्युसॅट उपग्रह सोडला तेव्हा वाटलं आता प्रत्येक वाडीवर आकाशातून तास होणार, मग ई-लर्निंगच्या सीड्या, 2017 ला सरकारचं अभ्यासाचं दीक्षा ॲप. त्यातल्या त्यात टिकला तो बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड, कारण पुस्तक मुलाच्या दप्तरात आधीच होतं, नवीन काही कुलपात ठेवायला नको. सोलापूरकडचे डिसले गुरुजी त्यावरून जगभर गाजले तेही झेडपीच्याच शाळेतून, हे मंडळाच्या मीटिंगमध्ये जरूर सांगा. 2020 ला ऑनलाइन शाळा म्हणत होते तेव्हाच 3 जूनला निसर्ग वादळ आलं, दापोली-मंडणगडाकडे कित्येक दिवस लाईट नाही, टॉवर बंद, कसला ऑनलाइन न् काय. म्हणून इन्व्हर्टर इन्व्हर्टर करतोय.

आता टीव्ही वापरायचा कसा. माझं एकच म्हणणं, मुलानं स्वतःचं उत्तर लिहिल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

भरती-ओहोटीचंच घ्या. चंद्र फिरतो, पाणी फुगतं, ॲनिमेशन झकास असतं, मुलं आ करून बघतात आणि दुसऱ्या दिवशी विचारा, शून्य. मी उलटं करायचो. आधी विचारायचं, आज पूर्ण भरती किती वाजता? कोळीवाड्यातली पोरं लगेच सांगतात, आजोबांकडून आलेलं असतं, तिथीची पाऊणकी करायची, म्हणजे तिथीच्या आकड्याची पाऊणपट, तेवढे वाजता भरती. चतुर्थी म्हणजे चार पाऊणे तीन, तीनच्या सुमारास. पुनवेनंतर परत प्रतिपदेपासून मोजायचं. हा आकडा फळ्यावर लिहायचा, शाळा सुटल्यावर दोघा-तिघांनी धक्क्यावर जाऊन पायरीला खडूची खूण करत बसायचं, आणि सगळ्यात शेवटी मोबाईलवर भरतीचं वेळापत्रक उघडायचं. तीन आकडे तीन तऱ्हेचे येतात. मग जी भांडणं लागतात! आजोबा चुकले, मोबाईल चुकला, तू खूण नीट केली नाहीस. तिथून हळूहळू कळतं की पाऊणकी हा अंदाज आहे, भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे जाते आणि पाऊणकीत पंचेचाळीसच धरलीत, शिवाय वेळापत्रक बंदरासाठीचं आणि आपला धक्का खाडीत आत, पाणी चढत यायला वेळ लागतो. आता लावा ॲनिमेशन. उधाण म्हणजे मोठी भरती कधी आणि भांग म्हणजे लहान भरती कधी, हे पोरं स्वतःच ओरडून सांगतात.

एआयचं वेगळं काही नाही. आधी वहीत आपलं उत्तर, मग त्याला विचारा, मग फरक शोधा. आपल्या धक्क्यावरची भरती विचारून बघा, छान भाषेत उत्तर देईल, पण ते खाडी धरून आहे की नाही हे आपल्या पोरांनीच तपासायचं. नुसतं उत्तर उतरवून घ्यायचं असेल तर पूर्वी गाईड होतंच की.

मंडळाचं एक सांभाळा. चाकरमान्यांना टीव्हीवर देणगीदाराचं नाव रंगवायला आवडतं, बॅटरीचं पाणी भरायचे पैसे कोणी देत नाही. तेव्हा दुरुस्तीला दरवर्षी थोडी रक्कम असं ठरावातच लिहून घ्या, आणि नावाची पाटी बिनधास्त इन्व्हर्टरवर लावा, ठसठशीत अक्षरात.