छोट्या इलेक्ट्रिक गाडीमागे सुटा होणारा ट्रेलर

आपला प्रश्न असा आहे, की रोजच्या वापराला छोटी इलेक्ट्रिक गाडी पुरते, परंतु वर्षातून दहा-पंधरा वेळा सामान तिच्यात मावत नाही आणि तीन-चार वेळा लांबचा प्रवास करावा लागतो. तेवढ्यासाठी मोठी गाडी घ्यावी, की आहे तिच्याच मागे हवा तेव्हा जोडता आणि सोडता येईल असा ट्रेलर लावावा, आणि त्या ट्रेलरमध्ये जादा बॅटरी ठेवून रेंज वाढवता येईल का. सामानासाठी ट्रेलर मी बारा वर्षे वापरत आहे, त्यांपैकी शेवटची पाच वर्षे इलेक्ट्रिक गाडीमागे, आणि त्या कामासाठी तो अवश्य घ्यावा असेच माझे मत आहे. बॅटरीच्या ट्रेलरच्या नादी मात्र लागू नये. त्याची कारणे शेवटी देतो.

सर्वांत आधी गाडीच्या नोंदणीच्या कागदात आणि माहितीपुस्तिकेत ओढण्याची मर्यादा किती दिली आहे ते पाहावे, कारण अनेक छोट्या इलेक्ट्रिक गाड्यांना ती दिलेलीच नसते. पहिल्या पिढीच्या निसान लीफला ट्रेलर ओढण्याची मान्यता नव्हती. फोक्सवॅगनच्या सुरुवातीच्या आयडी ३ ला मागे सायकली टांगण्यापुरताच आकडा (ट्रेलर जोडायचा हूक) मिळत असे, तर त्याच घराण्यातली आयडी ४ ब्रेक असलेला १००० किलोचा ट्रेलर ओढू शकते. याचे कारण मोटरच्या ताकदीत शोधू नये, कारण इलेक्ट्रिक मोटर उभ्या गाडीलाच पूर्ण जोर देते. अडचण असते ती सांगाड्याच्या मागच्या भागाची, मोटर आणि बॅटरी थंड ठेवण्याची आणि मान्यतेच्या चाचण्यांची. युरोपात ट्रेलर जोडलेल्या गाडीला १२ टक्क्यांच्या चढावर पाच मिनिटांत पाच वेळा थांबून पुन्हा निघून दाखवावे लागते, आणि कमी किमतीच्या गाडीसाठी हा खटाटोप करायचा की नाही हा कंपनीचा हिशेब असतो. मर्यादा दिलेली नसेल तर बाहेरून आकडा जोडून घेण्याचा विचार सोडून द्यावा. अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारील.

मर्यादा असेल, तर पुढचा निर्णय ट्रेलरच्या आकाराचा, आणि बहुतेक जण नेमके इथेच चुकतात. सगळे वजनाला घाबरतात. प्रत्यक्षात ३०० किलोच्या ट्रेलरची चाके सपाट रस्त्यावर फिरवत ठेवायला साधारण ३० न्यूटन बळ लागते, म्हणजे १०० किलोमीटरमागे जेमतेम ०.८ युनिट वीज. उलट ट्रेलरची उंच पेटी गाडीच्या टपाच्या वर आणि दोन्ही बाजूंना मिळून सव्वा चौरस मीटर वाऱ्यात उघडी राहिली, तर ताशी ९० किलोमीटर वेगाला तेवढ्याच अंतरासाठी ढोबळ मानाने दहा युनिट जादा लागतात. जी छोटी गाडी एरवी १०० किलोमीटरला चौदा-पंधरा युनिट घेते, तिची रेंज यात किती उरेल हे सांगायला नको. म्हणून ट्रेलर बुटका असावा, गाडीच्या रुंदीपेक्षा अरुंद असावा आणि त्यावरची ताडपत्री ताणून बांधलेली असावी. सैल ताडपत्रीची फडफडही वीज खाते. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे ८० ऐवजी ११० च्या वेगाने गेल्यास तो जवळजवळ १.९ पट होतो. ट्रेलर मागे असताना मी ८० च्या वर जात नाही, आणि कायद्याची मर्यादा अनेक ठिकाणी याच्या आसपासच असते.

घाटात वजनाचा प्रश्न मात्र खरा असतो. चढताना खर्ची पडलेली वीज उतरताना मोटरच्या ब्रेकने काही प्रमाणात परत मिळते, पण बॅटरी भरलेली असेल तर ती वीज घेत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. तेव्हा उतारापूर्वी बॅटरी १०० टक्के भरू नये. मोठ्या ट्रेलरना ओव्हररन ब्रेक असतात, म्हणजे गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या दाबानेच त्याचे ब्रेक लागतात. त्यामुळे ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढल्यास जी वीज परत यायची तिचा काही भाग ट्रेलरच्या ब्रेकमध्ये उष्णता होऊन जातो. बिनब्रेकच्या ट्रेलरला युरोपात ७५० किलो किंवा रस्त्यावर निघायला सज्ज गाडीच्या निम्मे वजन, यांपैकी जे कमी असेल ती मर्यादा असते. आपल्याकडचा नियम कोणताही असो, निम्म्याचा हा दंडक पाळावा.

सामान भरताना जड वस्तू ॲक्सलवर आणि किंचित पुढे ठेवाव्यात, जेणेकरून आकड्यावर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या सुमारे सात टक्के भार येईल. ३०० किलोला साधारण वीस किलो. घरातला वजनकाटा आणि त्यावर आकड्याच्या उंचीइतका लाकडी ठोकळा ठेवून, त्यावर ट्रेलरचा दांडा टेकवला की हा भार कळतो. पहिल्याच वर्षी मी हे केले नव्हते. पुस्तकांची कपाटे आधी चढवली आणि वजनदार खोकी मागच्या फळीशी रचली. उतारावर वेग वाढताच आरशात ट्रेलरचा एक कोपरा दिसला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. घाबरून मी ब्रेक दाबला आणि झोके वाढले. सुदैवाने पुढचा रस्ता रिकामा होता. अशा वेळी स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढायचा असतो. इलेक्ट्रिक गाडीत तर पाय झटक्यात काढणे हेच ब्रेक दाबण्यासारखे आहे, कारण मोटर लगेच गाडीला मागे खेचते आणि ट्रेलर मागून ढकलत राहतो.

जोडताना घाई करू नये. आकड्याच्या टोकाच्या ५० मिलिमीटरच्या गोळ्यावर कप्लिंग, म्हणजे ट्रेलरच्या दांड्याची वाटी, बसवले की खटका लागल्याचा आवाज येतो, पण त्या आवाजावर माझा विश्वास नाही. मी पुढचे छोटे आधारचाक खाली फिरवून दांडा वर रेटतो; गाडीची मागची बाजू त्यासोबत उचलली गेली तरच खटका नीट बसला आहे असे समजतो. मग सुरक्षा तार, मग दिव्यांची वायर. सगळे मिळून पाच मिनिटे लागतात.

मागे घेण्याचा धसका सर्वांनाच असतो, आणि आखूड ट्रेलर लांब ट्रेलरपेक्षा फार पटकन वळत असल्यामुळे तो रास्तही आहे. हात स्टिअरिंगच्या खालच्या भागावर ठेवावा. हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला ट्रेलर जातो. बाकी छोट्या ट्रेलरचा मोठा फायदा हाच, की जमले नाही तर सोडून हाताने ढकलता येतो. चार्जिंग स्टेशनवर ते करावे लागतेच, कारण तिथल्या जागा एकट्या गाडीच्या मापाच्या असतात.

आता बॅटरीच्या ट्रेलरविषयी. कल्पना जुनी आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेतील ॲलन कोकोनी यांनी इलेक्ट्रिक गाडीमागे लावण्याचा छोटा जनरेटर-ट्रेलर बनवला होता. मागे घेताना त्याची चाके आपोआप वळत असत. २०२१ मध्ये जर्मनीच्या डेथलेफ्स कंपनीचा ८० किलोवॅट-तासांची (म्हणजे ८० युनिटांची) बॅटरी आणि स्वतःच्या मोटरी असलेला प्रायोगिक कॅराव्हॅन, म्हणजे मागे ओढायचे फिरते घर, एका इलेक्ट्रिक ऑडीच्या मागे वाटेत चार्ज न करता आल्प्स ओलांडून गेला, सुमारे ३८६ किलोमीटर. दोन्ही प्रयोग उत्तम होते, परंतु दोन्ही त्या त्या कामासाठी मुद्दाम घडवलेले होते. आपल्या गाडीच्या चार्जिंगच्या खाचेत केबल असताना गाडी जागची हलतच नाही, तेव्हा ट्रेलरमधली वीज चालत्या गाडीला देण्यासाठी उच्च दाबाची वेगळी जोडणी आणि कंपनीचे सॉफ्टवेअर लागेल. शिवाय ६० युनिटांची बॅटरी सुमारे ४०० किलोची होते. वर्षातल्या तीन-चार प्रवासांसाठी ती विकत घेऊन उरलेला काळ तिला नुसते म्हातारे होऊ देण्यापेक्षा वाटेत अर्धा तास फास्ट चार्जरवर थांबणे मला शहाणपणाचे वाटते.

विकत घेण्यापूर्वी एकदा भाड्याचा ट्रेलर लावून नेहमीच्या रस्त्यावर जाऊन यावे आणि किती युनिट जादा लागले ते लिहून ठेवावे. निघण्यापूर्वी त्याच्या टायरच्या बाजूंना भेगा आहेत का ते पाहावे, कारण हे टायर झिजण्याआधी उभ्या-उभ्या वाळतात. आणि वीस किलोमीटरनंतर थांबून चाकाच्या मध्याला हात लावावा. चटका बसला तर बेअरिंग गेलेले आहे.