मशीन बंद केलं की ड्रेनमधून पाणी का वाहतं?

प्रश्न : वाशीतल्या आमच्या ऑफिसात साडेआठ टनांचं पॅकेज एसी युनिट आहे. पावसाळ्यात युनिटखाली पाणी साचतं. मशीन बंद केलं की मात्र ड्रेन पाइपातून धो धो वाहतं. मेकॅनिक गॅस भरायला सांगतोय. भरावा का?

उत्तर : आधी गॅसवर पैसे घालवू नका. बंद केल्यावर पाणी वाहतं, खूण यातच आहे. ब्लोअर (आतला पंखा) थंड कॉइलमधून हवा ओढतो, तेव्हा ड्रेन पाइपातूनही हवा आत येते आणि कॉइलखालच्या ट्रेमधलं पाणी अडवून धरते. पावसाळी दमट हवेत पाणी जास्त गळतं, म्हणून ट्रे तेव्हाच भरून सांडतो. मशीन चालू ठेवून पाइपाच्या तोंडाशी टिश्यूची पट्टी धरा. ती आत खेचली गेली, तर ट्रॅप (पाइपाचा यू आकाराचा वाक, ज्यात साठलेलं पाणी हवा अडवतं) नाही किंवा तो कोरडा आहे.

यू-ट्रॅप बसवून घ्या. आतली ओढ 25 मिमी पाण्याइतकी (म्हणजे 25 मिमी उंच पाणी खेचून धरण्याइतकी) असेल, तर ट्रॅपचं बाहेरचं तोंड ट्रेच्या तोंडापेक्षा 50 मिमी खाली हवं आणि त्याखाली 25 मिमी पाणी साठायला हवं. पुढच्या पाइपाला मीटरमागे 10 मिमी उतार द्या. सुरू करण्यापूर्वी ट्रॅपमध्ये पाणी ओता. हे हमखास विसरलं जातं.

फिल्टर तुंबला की ओढ वाढते आणि चांगला ट्रॅपही हरतो. पावसाळ्यात दर 15 दिवसांनी फिल्टर धुवा, ट्रेमधलं शेवाळ काढा. कॉइलवर बर्फ दिसला तर फिल्टर आणि ब्लोअरचा पट्टा बघा, मगच गॅस तपासायला सांगा.