केएल ते सिंगापूर दर पंधरवड्याला: बस, रेल्वे की विमान?

तुमचा प्रश्न असा आहे: जूनपासून तुमची नोकरी क्वालालंपूरला (केएल), नवरा आधीपासून सिंगापूरला एम्प्लॉयमेंट पासवर (नोकरीच्या परवान्यावर), आणि एक आड एक शनिवार-रविवार भेटायचं. त्यासाठी बस परवडेल, रेल्वे की सरळ विमान? मी आधी सिंगापूरला होते, आता केएलला राहते. रस्ता दोन्ही टोकांकडून पाठ झालेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वाहनाचं नंतर बघू. आधी हे ठरवा की येणार-जाणार कोण. भारतीय पासपोर्टवर मलेशियात 30 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. 1 डिसेंबर 2023 ला सुरू झालेली ही सवलत सध्या 31 डिसेंबर 2026 पर्यंत आहे. सिंगापूरला मात्र आपल्याला व्हिसा लागतोच, मलेशियाचा वर्क पास हातात असला तरी. म्हणजे तुमच्या यजमानांनी शुक्रवारी उठून केएलला यायचं तर फक्त तिकीट काढायचं, आणि तुम्ही तिकडे जायचं तर आधी अर्ज करायचा. तेव्हा निदान पहिले काही महिने त्यांनीच यावं. तुम्ही अर्ज कराल तेव्हा मल्टिपल एन्ट्रीच मागा. आणि तुमच्या मलेशियन पासचं काम पूर्ण होईपर्यंत एचआरला विचारल्याशिवाय सीमा ओलांडू नका, मग नवरा कितीही आजारी पडो.

फॉर्मचंही असंच उलटसुलट आहे. त्यांनी दर खेपेला मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड भरायचं, तुम्ही सिंगापूरचं. दोन्ही फुकट असतात आणि पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांतच भरता येतात. गुगलवर शोधलंत तर पैसे मागणाऱ्या साइट वर येतात, तिकडे फिरकू नका. ज्या देशाचा पास आपल्याकडे आहे, तिथे जमिनीवरून परतताना हा फॉर्म भरावा लागत नाही.

आता वाहन. अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर. मलेशियाचा नॉर्थ-साउथ एक्स्प्रेसवे गुळगुळीत आहे, केएल ते जोहोर बारू, म्हणजे मलेशियाच्या टोकाचं सीमेवरचं शहर, बस चार-साडेचार तासांत आणते. तिथून पुढे एक किलोमीटरचा कॉजवे ओलांडला की सिंगापूर. पण या शेवटच्या किलोमीटरला कधी पाऊण तास लागतो, कधी तीन तास. 1924 साली बांधून झालेल्या या पुलावरून आज दिवसाला तीन लाखांहून जास्त माणसं ये-जा करतात. त्यामुळे ‘बस किती तासांत पोचवते’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘शुक्रवारी संध्याकाळी सातला निघालेली बस कितीला पोचते’ असं विचाराल तर उत्तर आहे.

वेळा सांगते. सिंगापूरहून बाहेर पडायला शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवारची सकाळ वाईट. परतायला रविवारची दुपार चारनंतर वाईट. सोमवार ते शुक्रवार पहाटे साडेचार ते सात जोहोरहून सिंगापूरकडे तर जाऊच नये, कारण तेव्हा जोहोरमध्ये राहून सिंगापुरात काम करणाऱ्यांचा लोंढा निघालेला असतो, मोटारसायकलींच्या रांगाच्या रांगा. म्हणून रविवारी रात्री अकराची बस पकडून सोमवारी सकाळी ऑफिस गाठायचं ही कल्पना कागदावर छान दिसते, पण ती बस नेमकी या लोंढ्यात सापडते. शिवाय लवकर पोचलात तर एमआरटी (सिंगापूरची मेट्रो) साडेपाचच्या सुमाराला सुरू होईपर्यंत बसून राहायचं. चिनी नवीन वर्ष, हरी राया (ईद) आणि सिंगापूरच्या शाळांच्या सुट्ट्या कॅलेंडरवर आत्ताच लाल करून ठेवा. त्या दिवसांत विमान, नाहीतर घरी.

बसचं म्हणाल तर केएलच्या बाजूला टीबीएस हे टर्मिनल आहे. लांब पल्ल्याच्या बहुतेक बस तिथूनच सुटतात. विमानतळासारखी व्यवस्था: काउंटर, गेट, फलाटाचे बोर्ड. शेजारच्या बंदर तासिक सेलातान स्टेशनवर पादचारी पुलाने जाता येतं आणि तिथून एलआरटी (शहरातली हलकी मेट्रो), कोम्युटर (लोकल) आणि विमानतळाची गाडी तिन्ही मिळतात. बसमध्ये एका ओळीत तीनच रुंद खुर्च्या असतात, पाय पसरून झोपता येतं. एसी मात्र हाडं गोठवणारा, शाल हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीत नको. बसमध्ये शौचालय बहुधा नसतं, मध्ये एक थांबा मिळतो. थांब्यावर शाकाहारी माणसाला फळं आणि बिस्किटं यापलीकडे फारसं काही मिळेल असं धरू नका, पोळीभाजीचा डबा असू द्या.

तिकीट काढताना एकच गोष्ट नीट बघा: बस वूडलँड्सवरून (कॉजवेच्या सिंगापूरकडच्या टोकाचा चेकपोस्ट) जाते की तुआसवरून (पश्चिमेचा दुसरा चेकपोस्ट). तुआसचा दुसरा पूल 1998 साली झाला आणि तिथे सहसा गर्दी कमी असते. यजमान जुरॉंग किंवा बून ले भागात राहत असतील तर तुआसचीच बस घ्या, ते घराजवळ उतरतील. ईशान्येला पुंगोल, सेंगकांगकडे राहत असतील तर वूडलँड्स बरं.

चेकपोस्टवर नक्की काय होतं ते पहिल्यांदा जाणाऱ्याला कोणी सांगत नाही, म्हणून सांगते. सिंगापूरहून निघताना वूडलँड्सला बस थांबते, सगळे उतरतात. सरकत्या जिन्याने वर, पासपोर्ट आणि बोटांचे ठसे, पुन्हा जिन्याने खाली, आणि तुमची बस जिथे असेल तिथे जाऊन बसायचं. पूल ओलांडला की जोहोरच्या बाजूला हाच खेळ पुन्हा, पण या वेळी सामानासकट, कारण तिथे बॅगा स्कॅनरमधून जातात. लांब पल्ल्याच्या बसचा ड्रायव्हर ठरावीक वेळच थांबतो. रांग लांबली आणि तुम्ही मागे राहिलात, तर बस निघून गेलेली असू शकते. उतरतानाच गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो काढा, कारण खाली एकाच कंपनीच्या एकाच रंगाच्या चार बस उभ्या असतात. पहिल्या रांगेत बसण्याचा खरा फायदा इथे कळतो: जे आधी उतरतात ते रांगेत पन्नास माणसं पुढे असतात. दार उघडताच जी पळापळ होते ती विरार लोकलला लाजवेल, आणि सगळ्यात पुढे आजीबाई.

ही थांबण्याची भानगड नको असेल तर प्रवासाचे दोन तुकडे करा. मी स्वतः असंच करते. केएल ते जोहोर बारू एक तुकडा, जोहोर बारू ते सिंगापूर दुसरा. दुसऱ्या तुकड्याला सिंगापूरच्या साध्या शहरी बस आहेत: 950 वूडलँड्स एमआरटीला जाते, 160 जुरॉंग ईस्टकडे, 170 क्वीन स्ट्रीटला. पिवळी सीडब्ल्यू1 क्रांजीला सोडते. या बस कुणासाठी थांबत नाहीत, आणि त्यातच सोय आहे. तुम्ही इमिग्रेशन करून खाली या, त्याच कंपनीची मागून येणारी बस पकडा. तिकीट तेवढं टाकून देऊ नका.

पहिल्या तुकड्याला आता रेल्वे खरोखर विचारात घेण्यासारखी झाली आहे. पूर्वी गेमास स्टेशनवर उतरून डिझेलची गाडी बदलावी लागायची आणि दिवस मोडायचा. डिसेंबर 2025 पासून विजेवरची ईटीएस गाडी केएल सेंट्रलहून थेट जेबी सेंट्रलला (जोहोर बारूचं स्टेशन) जाते, साधारण साडेचार तासांत. बसपेक्षा महाग, पण वेळ पाळते, शौचालय आहे, लॅपटॉप लावून काम करता येतं. केएल सेंट्रलच्या शेजारीच ब्रिकफील्ड्स, म्हणजे इथलं लिटल इंडिया. तिथून इडली बांधून घेतली की डब्याचाही प्रश्न सुटला. जेबी सेंट्रल स्टेशन आणि मलेशियाचं इमिग्रेशन एकाच छताखालच्या पुलाने जोडलेले आहेत, बॅग ओढत पाच-सात मिनिटांत पोचता.

तिथून पुढे शहरी बस नको असेल तर शटल तेब्राऊ ही छोटी रेल्वे आहे, जेबी सेंट्रल ते वूडलँड्स, पाच मिनिटांत. गंमत म्हणजे जोहोरहून जाताना भाडं पाच रिंगिट आणि सिंगापूरहून येताना पाच डॉलर, म्हणजे तिपटीहून जास्त. सिंगापूरहून निघताना दोन्ही देशांचं इमिग्रेशन वूडलँड्सलाच उरकतं, जोहोरला उतरलं की सरळ बाहेर. अडचण एकच, शनिवार-रविवारची तिकिटं विक्री उघडताच संपतात. मिळालं तर उत्तम, पण भरवसा बसवर ठेवा. यजमान शटलने येऊन ईटीएस पकडणार असतील तर मध्ये निदान दीड तास असू द्या. बसने येणार असतील तर शुक्रवारी तीन तासही जास्त नाहीत. वेळ उरलाच तर स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर जुन्या बाजारात हियाप जू बेकरी आहे, लाकडाच्या भट्टीतला केळ्याचा केक गरम मिळतो.

विमानाबद्दल फार लिहीत नाही. हवेत तास, पण केएलचा विमानतळ शहरापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर दूर, आणि सगळं धरून दारापासून दारापर्यंत साडेचार-पाच तास होतातच. गर्दीच्या दिवशी किंवा रविवारी रात्री परतायचं असेल तर मात्र तेच घ्या, पैसे वाजवी वाटतील. दोन्ही सरकारांनी 2016 साली दीड तासाच्या बुलेट ट्रेनचा करार केला होता, तो 2020 च्या शेवटी मोडला. त्याच्या बातम्या अधूनमधून येतात, त्यावर घर बघू नका.

स्वस्त व्हॅनच्या जाहिराती तुम्हाला व्हॉट्सॲपवर येतील, ‘घरापासून घरापर्यंत’. परवाना नसलेल्या अशा गाड्यांवर सिंगापूरने 2025 मध्ये कारवाई केली, गाड्या जप्त केल्या. तुमचं सामान आत असताना ती वेळ यायला नको. सामानावरून आठवलं: पहिल्यांदा येताना मुंबईहून सरळ केएलचंच विमान घ्या. सिंगापूरला उतरून नवऱ्याला भेटून मग चार बॅगांसकट बसने यायचं मनात असेल तर ते काढून टाका. सिंगापूरचा व्हिसा लागेल तो वेगळाच, आणि चेकपोस्टवर प्रत्येक बॅग तुम्हीच उचलायची आहे. परतीच्या खेपांना यजमानांना एवढंच सांगा की सिंगापुरात च्युइंग गम आणि व्हेप नेता येत नाही, आणि मलेशियातून नेलेल्या दारूला, सिगारेटला ड्यूटी माफ नाही.

घर बघताना मी तुमच्या जागी असते तर केएल सेंट्रल किंवा टीबीएसपासून एका गाडीत पोचता येईल असंच बघितलं असतं, ऑफिस थोडं लांब पडलं तरी. यजमानांचा भाडेकरार संपत येत असेल तर त्यांना वूडलँड्स नॉर्थच्या एमआरटी लाइनवरची घरं बघायला सांगा. तिथून जोहोरच्या बुकित चगारपर्यंत आरटीएस ही नवी रेल्वे जानेवारी 2027 पर्यंत सुरू करायचं ठरलं आहे, तासाला एका दिशेने दहा हजार माणसं नेणारी, आणि दोन्ही देशांचं इमिग्रेशन चढण्याआधीच. ती सुरू झाली की शटल तेब्राऊ बंद होणार आहे. तोपर्यंत शुक्रवारी त्यांना ऑफिसातून दुपारी दोनला निघता येईल का, तेवढं विचारून घ्या. दोनला निघणारा आणि पाचला निघणारा यांच्या पोचण्यात तीन नाही, पाच तासांचा फरक पडू शकतो.